टॅब बंद करू का?

‘हँग’ हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. फोन हँग होतो, एटीएम हँग होतं, स्टेशनवरचं तिकिटाचं मशीन हँग होतं आणि तोंडी परीक्षेत आपण स्वतःही हँग होतो. नक्की काय झालं ते कुणी विचारत नाही, कारण उपाय सगळ्यांना पाठ आहे : बंद करून चालू कर. बरेचदा तो लागूही पडतो. आणि लागू पडतो म्हणूनच मूळ कारण कधी कळत नाही.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचत असाल. मग एक गोष्ट तुमच्या पाहण्यात असेल. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडं ठेवून तुम्ही कॅमेरा उघडता, दोन फोटो काढता, परत येता, तर ते पान पुन्हा पहिल्यापासून लोड होत असतं. त्यात अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो गेलेला असतो. फोनची ही रीतच आहे. मेमरी कमी पडायला लागली की मागे राहिलेल्या ॲपला तो न विचारता संपवतो, म्हणजे समोरचं ॲप सुरळीत चालतं. कॉम्प्युटरचा स्वभाव वेगळा. जागा नसली तरी तो शक्यतो कुणाला बाहेर काढत नाही. सगळ्यांना सांभाळायला बघतो आणि त्या सांभाळण्यातच गोठतो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. नीट कळलं ते खालापूरला, आत्याच्या दुकानात.

मी ऐरोलीतल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे आणि का अडतो हे शोधायचा मला पगार मिळतो. आठवड्याचे पाच दिवस कर्जत ते ठाणे लोकल आणि तिथून ट्रान्स-हार्बर. शनिवारी मात्र उलट्या दिशेला : कर्जतहून खोपोली लोकल, पुढे शेअर रिक्षा. आत्याचं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म. तहसील कचेरीत आलेला माणूस आधी किंवा नंतर अशा एखाद्या दुकानाची पायरी चढतोच. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. यातले बरेच जण डोंगराकडच्या वाड्यांवरून येतात. आधी पायी, मग मिळेल ते वाहन. त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. काम झालं नाही तर ‘उद्या या’ म्हणणं आपल्याला सोपं असतं. त्यांना त्याचा अर्थ आणखी एक रोज.

पावसाळ्याच्या तोंडावर आत्याचा कॉम्प्युटर रोज गोठायला लागला. सकाळी व्यवस्थित चालायचा. मग ब्राउझर जड व्हायचा, पानं पांढरी पडायची आणि शेवटी नुसता ब्राउझर नाही तर अख्खं मशीन थिजायचं. स्टार्ट बटण दाबलं तरी मेनू येत नसे. आत्या दोन मिनिटं वाट बघायची, मग पॉवरचं बटण दाबून धरायची. मशीन परत उभं राहीपर्यंत पाचसात मिनिटं आणि गेलेले फॉर्म पुन्हा भरायचे म्हणजे आणखी अर्धा तास.

कारणांची तर रांगच लागली होती. आत्याचं म्हणणं, साइट झोपते. शेजारच्या मोबाइल दुकानातल्या मुलाचं म्हणणं, व्हायरस. झेरॉक्स मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाचं म्हणणं, व्होल्टेज. एका गिऱ्हाइकाचं म्हणणं, पावसाळी हवा, मशीनला ओल लागली. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं ठरू शकतं, म्हणून कुणालाच खोटं म्हणता येत नव्हतं. माझ्या धंद्यात पहिला नियम असा, की कारण शोधण्याआधी लक्षण नीट बघायचं. तेव्हा पहिल्या शनिवारी मी काही दुरुस्त केलं नाही. नुसता शेजारी बसलो.

गोठणं एकाच प्रकारचं नसतं आणि ते ओळखायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. माउसचा बाण नीट फिरतोय, दुसरे प्रोग्रॅम चालतायत, फक्त एकच पान अडलंय, तर भानगड त्या पानाची. बाण मुळीच हलत नाही आणि कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवाही लागत-विझत नाही, तर भानगड बरीच खोल : ग्राफिक्सचा ड्रायव्हर, तापलेला प्रोसेसर, नाहीतर एखादा सुटा भाग. आणि तिसरा प्रकार : बाण हलतो पण अडखळत, कॅप्स लॉकचा दिवा उशिरा का होईना लागतो आणि कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा बारीक दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो एकसारखा पेटलेला असतो. म्हणजे मशीन थांबलेलं नसतं. ते जीव तोडून काम करत असतं, फक्त ते काम आपलं नसतं.

आत्याच्या मशीनचा प्रकार तिसरा होता.

ते काम कुणाचं, हे सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल. पूर्वीचे ब्राउझर म्हणजे एकच मोठा प्रोग्रॅम असायचा. दहा पानं उघडी असली आणि त्यातलं एक अडलं, तर दहाही अडायची. पळसदरीच्या पुढे खोपोलीपर्यंत जशी एकेरी लाइन आहे तसं ते होतं. केळवली, डोलवली, लौजी, मध्ये कुठेही गाडी अडली की मागची गाडी पुढे जाणार कुठून? सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला, त्यात प्रत्येक टॅबला साधारणपणे स्वतंत्र प्रोसेस दिली होती. ही कल्पना लोकांना समजावी म्हणून स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून त्यांनी एक कॉमिकही काढून घेतलं होतं. फायरफॉक्सने २०१६ मध्ये तोच रस्ता धरला. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ नावाची उणीव जाहीर झाली, त्यानंतर एका साइटचा मजकूर दुसरीला वाचता येऊ नये म्हणून क्रोमने वेगवेगळ्या साइटींना आणखी काटेकोरपणे वेगळं केलं. त्याची किंमत म्हणून मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागेल, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

म्हणजे एकेरी लाइनच्या जागी प्रत्येक टॅबला आपापली लाइन मिळाली. एक पान अडलं तरी बाकीची चालू राहतात, एकाची चोरी दुसऱ्याला करता येत नाही. आज सगळे मोठे ब्राउझर असेच चालतात, म्हणून आत्याच्या मशीनवर कोणता होता याला महत्त्व नाही. पण लाइन टाकायला जमीन लागते. ती जमीन म्हणजे रॅम. आत्याच्या मशीनमध्ये रॅम होती ४ जीबी, त्यातलीही थोडी ग्राफिक्सला दिलेली.

रॅम संपली की काय करायचं, हा प्रश्न ब्राउझरपेक्षा पुष्कळ जुना आहे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस नावाचा कॉम्प्युटर सुरू झाला. त्यात एक युक्ती होती : मेमरी कमी पडली तर आत्ता न लागणारा भाग बाजूच्या फिरत्या ड्रमवर ठेवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा. आज आपले कॉम्प्युटर हेच हार्ड डिस्कवर करतात. आत्याच्या घरात ओटा लहान आहे, म्हणून रोजचे डबे ओट्यावर आणि सणावाराची पातेली माळ्यावर. तसंच हे. अडचण एवढीच, की ओटा आणि माळा यांच्या वेगात फार फरक आहे. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद. म्हणजे १ लाख पट. ओट्यावरची वाटी उचलायला तुम्हाला १ सेकंद लागत असेल, तर या हिशेबाने माळ्यावरचं पातेलं हातात यायला सुमारे २८ तास लागतील.

एखादं पातेलं कधीमधी काढायचं असेल तर चालतं. पण ओट्यावर जागाच उरली नाही की एक गोष्ट खाली आणायला दुसरी वर न्यावी लागते आणि पुढच्याच क्षणी ती वर नेलेलीच हवी असते. मग दिवसभर शिडीवर चढ-उतार. स्वयंपाक होतच नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचा अभ्यास मांडला. तिला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. मशीनवर एकेक प्रोग्रॅम वाढवत गेलं तर काम काही काळ वाढत जातं आणि मग एका टप्प्यानंतर हळूहळू कमी न होता एकदम कोसळतं. आत्या म्हणायची, “आत्ता तर चांगला चालत होता, एवढ्यात काय झालं?” डेनिंग यांच्या आलेखात तो ‘एवढ्यात’ अगदी तसाच दिसतो.

पण ही झाली शंका. लक्षणं जुळली म्हणून कारण सिद्ध होत नाही. दुसऱ्या शनिवारी मी एकेक संशयित घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दुसरा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारलं, तरी श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

नेटचा प्रश्न आपोआप सुटला. त्या दिवशी सकाळीच कुठेतरी केबल तुटली होती आणि नेट नसतानाही मशीन गोठलं. व्हायरससाठी पूर्ण तपासणी केली, काही निघालं नाही. पंख्यावरची धूळ ब्रशने काढली. मशीन थंड झालं, गोठणं तेवढंच. मग ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं. पान रंगवायचं काम ब्राउझर ग्राफिक्सच्या चिपकडे सोपवतो आणि तिचा ड्रायव्हर बिघडलेला असला तर एकटा ब्राउझर अख्ख्या मशीनला खाली ओढू शकतो. ही शक्यता खरी असते, तपासायलाच हवी. तीही बाद झाली. मग एक्स्टेन्शन. आत्याच्या ब्राउझरमध्ये ९ होती, कुणी कधी टाकली ते तिलाही माहीत नव्हतं. एकेक बंद करून बघत बसण्यापेक्षा निम्मी बंद करायची. त्रास थांबला तर चोर त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. मग त्यांचे पुन्हा दोन भाग. अशी १६ असली तरी चार फेऱ्यांत एकावर येता येतं. इथे त्रास दोन्ही वेळा तसाच राहिला. सगळी बंद करून पाहिली, तरी तसाच. तीन निरुपयोगी होती ती कायमची काढली, बाकीची निर्दोष म्हणून सोडली.

जाताना आत्याला एक काम सांगितलं. गल्ल्याजवळ तिची एक लांबट वही असते, उधारीची. तिच्या मागच्या पानांवर मशीन गोठलं की तीन गोष्टी लिहायच्या : किती वाजले, नुकतंच काय केलं होतं आणि किती टॅब उघडे होते.

तिसऱ्या शनिवारी दुपारी एक मुलगी आणि तिचे वडील आले. डोंगराच्या कुशीतल्या एका ठाकरवाडीतले. मुलगी बारावी झालेली. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता आणि त्या संध्याकाळी मुदत संपत होती. आधीचे दोन दिवस दाखल्यासाठी गेले होते. वडील बाहेर बाकावर बसले, मुलगी आत्याच्या शेजारी. तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी, असे आणले होते. पाऊस पडत होता आणि एकही कागद भिजलेला नव्हता.

फॉर्मची पाच पानं भरून झाली. गुणपत्रिका स्कॅन केली, अपलोडवर क्लिक केलं आणि पान पांढरं झालं. चक्र फिरायला लागलं, मग तेही थांबलं. मुलीने आत्याकडे पाहिलं. आत्याचं बोट सवयीने पॉवरच्या बटणाकडे गेलं.

“थांब आत्या,” मी म्हटलं. डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला होता. “तो मेलेला नाही. कामात आहे.”

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर बोलावला. एरवी क्षणात उघडणारी ती खिडकी उघडायला चार मिनिटं लागली. या चार मिनिटांत कुणी काही बोललं नाही. खिडकी उघडली : मेमरी ९६ टक्के, डिस्क १०० टक्के, प्रोसेसर मात्र निवांत, १२ टक्क्यांवर. माळा आणि ओटा. आता प्रश्न असा, की संपवायचं कुणाला? बऱ्याच ब्राउझरांना स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर असतो, त्यात प्रत्येक टॅब किती मेमरी खातो ते दिसतं. तो उघडला. यादीत सर्वांत वर होता गिऱ्हाइकांनी फोनवरून पाठवलेले फोटो घेण्यासाठी सकाळपासून उघडा असलेला चॅटचा टॅब. तो बंद करून पुन्हा उघडला तरी काही हरवत नाही. तेवढा संपवला. मिनिटभराने दिवा लुकलुकायला लागला. मुलीचा फॉर्म जिथे होता तिथेच परत दिसला. गुणपत्रिका पुन्हा स्कॅन केली, या वेळी कमी रिझोल्यूशनवर. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पावती प्रिंट झाली. मुलीने अर्ज क्रमांक दोनदा वाचला आणि पावती दोन्ही पिशव्यांच्या आत ठेवली.

स्कॅनचा हिशेब मी तिथेच झेरॉक्सच्या कागदामागे केला. स्कॅनर ६०० डीपीआयवर लावलेला होता, ‘स्वच्छ यावं म्हणून’. ए-फोर कागद ६०० डीपीआयवर स्कॅन केला की जवळपास ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. डिस्कवरची फाइल दाबून लहान केलेली असते, म्हणून ती पाचसात एमबीची दिसते आणि आपण निश्चिंत असतो. पण पडद्यावर दाखवायची तर ती पूर्ण उलगडावी लागते, दर ठिपक्याला ४ बाइट. झाले सुमारे १३९ एमबी, एका कागदाचे. तोच कागद २०० डीपीआयवर घेतला तर साडेपंधरा एमबी, म्हणजे नववा हिस्सा, आणि अक्षरं व्यवस्थित वाचता येतात. फोनच्या फोटोंचंही हेच. १२ मेगापिक्सेलचा फोटो पाठवताना तीनचार एमबीचा असतो, उघडल्यावर ४८ एमबीचा होतो.

म्हणजे सापडलं का कारण? अर्धं. स्कॅन ही शेवटची काडी होती. आधीचा भार कुठून येत होता, ते वहीत होतं.

दोन आठवड्यांत आत्याने ११ नोंदी केल्या होत्या, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. ११ पैकी ९ सकाळी साडेअकरा ते दीडच्या मधल्या. ९ वेळा नुकतंच काही तरी स्कॅन केलेलं. आणि अकराच्या अकरा वेळा बारापेक्षा जास्त टॅब उघडे. एकदा तर २३.

“एवढे टॅब कशाला उघडे ठेवतेस गं?” मी विचारलं.

आत्याने माउस हातात घेतला आणि डावीकडून सुरुवात केली.

“हा बघ. उत्पन्नाचा दाखला. ओटीपी पोराच्या फोनवर येतो. पोरगा कंपनीत, आत फोन नेऊ देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बघेल, मग फोन करेल. हा करू बंद? हा दुसरा. त्याच्या आधारवर आडनाव एक आणि रेशनकार्डवर वेगळंच. म्हातारा घरून जुना दाखला आणायला गेलाय, दोन वाजतील. हा तिसरा. तलाठ्याकडून एक कागद यायचाय. ही बाई फी आणायला गेली बहिणीकडे. हिचा फोटो बसत नाही, साइज मोठा येतो, ती फोटो काढायला गेलीय. या पोराच्या वाडीत रेंज नाही. तो टेकडीवर जाऊन आईला बँकेचा नंबर विचारणार आणि मला कळवणार. सांग, यातला कुठला बंद करू?”

पट्टीवर टॅब इतके दाटले होते की एकाचंही नाव वाचता येत नव्हतं, नुसती चिन्हं. तिला मात्र प्रत्येक चिन्हामागचा माणूस माहीत होता. साडेअकराला मशीन का गोठतं तेही आता स्पष्ट झालं. सकाळच्या गाड्यांनी आलेली माणसं दहा-साडेदहाला दुकानात पोचतात. पहिला फॉर्म कुठेतरी अडतो, दुसरा कुठेतरी अडतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाचा कागद येत नाही. एकही काम पूर्ण होत नाही, म्हणून एकही टॅब बंद होत नाही. मशीनच्या रॅममध्ये जी गर्दी होती ती दुकानाबाहेरच्या त्या सगळ्या थांबण्यांची होती.

यात एक विचित्र मेख आहे. बरेच दिवस न पाहिलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायची सोय आता ब्राउझरांत असते. क्रोममध्ये तिला मेमरी सेव्हर म्हणतात. पण अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब ती झोपवत नाही. योग्यच आहे, झोपवला तर लिहिलेलं जाईल. म्हणजे ज्यांना बातम्या आणि व्हिडिओ बघायचे असतात त्यांच्यासाठी ती सोय बनलेली आहे. जिथे सगळेच टॅब अर्धवट फॉर्मचे, तिथे तिला हात लावायला काही उरतच नाही.

दुसरी मेख कायद्यातली. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम म्हणतो, की दाखल्यासारख्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे. ही मुदत मोजायला सुरुवात होते ती सर्व बाबतींत पूर्ण असा अर्ज दाखल झाल्यापासून. त्याआधीचे दिवस कुठेच मोजले जात नाहीत. म्हाताऱ्याची घरापर्यंतची खेप, टेकडीवरचा फोन, बहिणीकडून आणलेली फी, हे सगळं अर्जाच्या आधीचं. त्याची नोंद सरकारच्या सर्व्हरवर नाही. ती होती फक्त आत्याच्या मशीनमध्ये, एका अर्धवट टॅबमध्ये. पॉवरचं बटण दाबलं की तीही पुसली जायची.

तेव्हा ‘जास्त टॅब उघडे ठेवू नका’ हा सल्ला बरोबर असला तरी तो आत्याला देण्यात अर्थ नव्हता. टॅब बंद करता येण्याजोगे कसे होतील, ते बघायला हवं होतं. आम्ही एकेक फॉर्म घेऊन बसलो. बहुतेक ठिकाणी पहिलं पान भरल्यावर अर्ज क्रमांक मिळतो आणि ‘सेव्ह’ केलं की नंतर त्याच क्रमांकाने तिथूनच पुढे जाता येतं. काही ठिकाणी ते बटण पानाच्या अगदी तळाशी असतं. जिथे तशी सोय नाही, असे फॉर्म दोनच निघाले. बाकी सगळ्यांसाठी आत्याने वहीत नवीन पानं आखली. नाव, अर्ज क्रमांक, कशासाठी थांबलंय, कुणाचा फोन यायचाय. नोंद झाली की टॅब बंद. पासवर्ड वहीत लिहायचा नाही, तो ज्याचा त्याने लक्षात ठेवायचा किंवा स्वतःच्या कागदावर न्यायचा. हे आत्यानेच ठरवलं. दाराशी मोठ्या अक्षरात कागद लावला : “आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा.” स्कॅनर २०० डीपीआयवर आणला आणि त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

आणि मग मशीनकडेही पाहिलं. आणखी ४ जीबी रॅम घातली, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. एसएसडीमुळे माळा काही ओट्याइतका जवळ येत नाही, पण शिडी जाऊन जिना येतो. कर्जतला राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. इथून पुढे बोर घाटात १ : ३७ चा चढ आहे, म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, लहानपणापासून बघत आलोय. इंजिन लावण्यात कमीपणा नसतो, चढच तसा आहे. पण डबे किती जोडायचे, तेही कुणीतरी मोजतच असतं. नुसती रॅम वाढवली असती तर आत्याने २३ च्या जागी ४० टॅब सांभाळले असते आणि डेनिंग यांचा तो कडा थोडा पुढे सरकला असता, इतकंच.

यापैकी कशाने किती फरक पडला, हे एकेक करून तपासायचं मी ठरवलं होतं. वही आणि स्कॅनर आधी बदलले, डिस्क आणि रॅम दोन आठवड्यांनी. मधल्या दोन आठवड्यांत मशीन दोनदा गोठलं. त्याआधीच्या दोन आठवड्यांत ते अकरा वेळा गोठलं होतं. म्हणजे अकराचे दोन झाले ते जुन्या मशीनवरच, वही आणि चिकटपट्टीच्या जोरावर.

तुमच्या घरीही असं मशीन असेल. बाबांचं, मावशीचं, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातलं. ते गोठलं की आधी दिवा बघा, बाण बघा, कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा पेटलेला असेल तर बटणाला हात न लावता पाच मिनिटं द्या. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर या तिघांपैकी कोण शंभराला टेकलंय ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. आणि टॅबची ती दाटलेली पट्टी बघून हसू आलं, तर बंद करण्याआधी विचारा, यातला कोणता कशासाठी थांबलाय. उत्तर कधी ‘सहज उघडा राहिला’ असं येईल. कधी तसं येणार नाही.

आत्याची उधारीची वही आता मागच्या बाजूने जास्त भरलीय. गेल्या शनिवारी ‘थांबलेले’ या पानावर सात नावं होती. दुपारी कंपनीतल्या मुलाचा फोन आला, ओटीपी लागला, एक नाव खोडलं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन खोडली गेली. उरलेल्या तिघांना आत्याने फोन केले. दोघांचे लागले, एकाचा लागला नाही. त्याच्या नावापुढे तिने ‘रेंज नाही, सोमवारी पुन्हा’ असं लिहिलं, मशीन रीतसर बंद केलं आणि शटर ओढलं.